पोट बिघडलं की रोज नवं खाणं, हे आधी थांबवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात पाळीव प्राण्यांवर अधूनमधून लेख येतात ते मी न चुकता वाचते. चांगले असतात, पण फिरून फिरून विषय तेच, लसीकरण, ट्रेनिंग, नाहीतर कुठल्या जातीचं पिल्लू घ्यावं. कुत्रा पाळणाऱ्याला खरी रडकुंडीला आणणारी गोष्ट वेगळीच असते आणि तिच्यावर कुणी लिहीत नाही, कारण विषय शीचा आहे आणि तो छापायला कसंतरीच वाटत असावं. म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त औषधांचा आणि इमर्जन्सीचा भाग तेवढा राहू द्या.

ज्यांच्या घरी नाजूक पोटाचा कुत्रा आहे त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. दोन दिवस बरे जातात की पुन्हा पातळ, पुन्हा रात्री दाराशी कुईं कुईं, पुन्हा फडकं आणि बादली. आणि अशा घरांत मी एकच गोष्ट सारखी बघत आलेय, की मूळ दुखणं राहतं बाजूला आणि खाणं बदलण्याचा सपाटा सुरू होतो. शी पातळ झाली, म्हणजे हे फूड सोसत नाही, आणा दुसऱ्या कंपनीचं. ते चार दिवस खाल्लं, फरक नाही, मग कुणीतरी सांगतं लॅम्बवालं द्या, कुणी म्हणतं पाकीटबंद काही नकोच घरचंच शिजवून घाला, तिसरा म्हणतो कच्चं मांस द्या तेच नैसर्गिक, आणि महिनाभरात त्या बिचाऱ्याच्या पोटात इतक्या तऱ्हेचं खाणं जाऊन आलेलं असतं की नक्की काय बाधलं हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. नाजूक पोटाला सगळ्यात जास्त काय लागतं तर एकसारखेपणा. कुत्र्याच्या आतड्यातले जिवाणू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात, खाणं एकदम बदललं की ते गोंधळतात, न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात पोचतं, तिथे आंबतं, पाणी ओढून घेतं आणि मग जुलाब. हे धडधाकट कुत्र्यालाही होतं, नाजूक पोटाच्या कुत्र्याला तर हमखास. म्हणजे तुम्ही जुलाब थांबवायला फूड बदलता आणि बदलण्यानेच नवे जुलाब लागतात, आणि तुम्हाला वाटतं हेही फूड सोसेना, घ्या अजून तिसरं.

बदलायचंच असेल तर सात ते दहा दिवस द्या. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं बाकी जुनं, मग निम्मं-निम्मं, मग पाऊण हिस्सा नवं, मग पूर्ण. पोट फारच हळवं असेल तर दोन आठवडे लावा, काही बिघडत नाही. मध्येच शी सैल पडली तर पुढे रेटू नका, आदल्या पायरीवर दोन दिवस थांबा. आणि नवं फूड पूर्ण सुरू झाल्यावर त्याला किमान दोन-तीन आठवडे तरी द्या की हो, चार दिवसांत निकाल लावणारे आपण कोण! (डॉक्टरांनी आजारपणात स्वतः सांगून एकदम बदललं तर गोष्ट वेगळी, तिथे त्यांचं ऐका.)

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते इथेच सगळी गडबड आहे. नाजूक पोट हे रोगाचं नाव नाही. पोत्यावर सेन्सिटिव्ह असं छापलेलं असतं म्हणून आपल्याला वाटतं की हा एक प्रकारच आहे कुत्र्यांचा. तसं नाहीये. त्या एका शब्दाखाली जंत असू शकतात, जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी असू शकतो, स्वादुपिंडाची सूज असू शकते, एखादं प्रथिन न मानवणं असू शकतं, आणि घरातले चार जण दिवसभर काहीबाही भरवतात एवढंच साधं कारणही असू शकतं. व्हिपवर्म नावाच्या जंताची अंडी तर प्रत्येक शीत सापडतच नाहीत, जिआर्डियाचंही तेच, म्हणून एकदा तपासणी निगेटिव्ह आली की झालं असं नाही, डॉक्टर पुन्हा नमुना मागतात तेव्हा वैतागू नका, त्याला कारण असतं.

म्हणून फूडचं पोतं बदलण्याआधी शीकडे बघायला शिका. हसू नका, खरंच सांगतेय. लहान आतड्याचा बिघाड असेल तर शी प्रमाणात भरपूर असते, वेळा थोड्याच वाढतात, आणि असं बरेच दिवस चाललं तर कुत्रा वाळत जातो. मोठ्या आतड्याचा असेल तर उलटं, थोडी थोडी पण सारखी, कुंथणं, वर शेंबडासारखी आव, कधी लाल रक्ताचा ठिपका, बाहेर नेईपर्यंत दम निघत नाही, पण वजन सहसा टिकून. डांबरासारखी काळी चिकट शी म्हणजे वरच्या भागात, जठरात वगैरे रक्त जाऊन ते पचून आलेलं, तिथे घरगुती उपाय नाहीत, सरळ डॉक्टर. आणि खा खा खातोय तरी वाळतोय, शी ढीगभर, फिकट, तेलकट, घाणेरड्या वासाची, हे दिसलं की स्वादुपिंड पाचकरसच बनवत नाहीये का ते बघावं लागतं, जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं, टीएलआय नावाच्या रक्ततपासणीत कळतं आणि जेवणात एन्झाइमची पावडर मिसळून तो कुत्रा अंगाने भरूही लागतो. अशा कुत्र्याला कितीही महागाचं फूड बदलून घाला, त्याचा काय उपयोग?

डॉक्टर लोक शीला १ ते ७ असे मार्क देतात, १ म्हणजे खडखडीत सुटे गोळे, ७ म्हणजे निव्वळ पाणी, आणि २-३ च्या आसपास असेल तर छान, आकार टिकतो, उचलली की जमिनीला फारसं काही चिकटून राहत नाही. हा तक्ता चित्रांसकट एकदा तुमच्या पुरवणीत छापा ना! लोक नाकं मुरडतील पण फोनवर "जरा सैलशीच आहे हो" असं सांगण्यापेक्षा "काल ४ होती आज ६ आहे" असं सांगितलं तर डॉक्टरांचंही काम सोपं होतं. तीन आठवड्यांहून जास्त हे चालू राहिलं, सलग किंवा मधूनमधून, तर ते जुनाट दुखणं धरतात आणि मग शी, रक्त, गरज पडली तर सोनोग्राफी असं रीतसर बघावं लागतं. रक्तात बी-१२ सुद्धा बघायला सांगा, आतडं बरेच दिवस आजारी असलं की ते कमी पडतं आणि मग बरोबर खाणं देऊनही कुत्रा म्हणावा तसा सुधारत नाही.

ॲलर्जीबद्दल तर इतकं काही कानावर येतं. कुत्र्यांना जे सोसत नाही त्यात बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन, गहू हे नेहमीचे. लक्षात घ्या, यातली बहुतेक प्रथिनं प्राण्यांचीच आहेत. केस किंवा लाळ पाठवून ॲलर्जी शोधून देतो म्हणणाऱ्या ज्या टेस्ट निघाल्यात त्यांच्यावर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. खरी पद्धत एकच आणि ती कंटाळवाणी आहे, पूर्वी कधीच न खाल्लेलं एखादं प्रथिन, नाहीतर हायड्रोलाइज्ड म्हणजे ज्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असतात असं डॉक्टरांनी दिलेलं फूड, तेवढंच आणि दुसरं काहीही नाही, यालाच ट्रायल म्हणतात. पोटाचा त्रास असेल तर बहुतेकदा दोन आठवड्यांत फरक दिसायला लागतो, अंगाला खाज असेल तर मात्र आठ आठवडे तरी धरा. आणि बरं वाटलं की जुनं खाणं पुन्हा देऊन बघायचं, त्रास परत आला तरच सिद्ध झालं, पण ही शेवटची पायरी कुणी करतच नाही कारण बरा झालेला कुत्रा पुन्हा बिघडवायला जीव होत नाही, तेही समजू शकते मी.

आमच्या ओळखीतल्या एका घरी असंच चाललं होतं. फूड एकदम काटेकोर, मोजून, ताटली वेगळी, आणि तरी शी सैल ती सैलच. घरातले पार कंटाळून गेले, डॉक्टरांना दोष देऊन झाला. मग एक दिवस त्यांच्याकडे बसले असताना आजी उठल्या, कुत्र्याची जंताची गोळी घेतली, चीजचा तुकडा तळहातावर घेऊन दोन बोटांनी चपटा केला, गोळी मध्ये ठेवून वळली आणि दिली तोंडात, आणि बोटं चाटायला पुढे केली. रोजच्या दुसऱ्या गोळीलाही हेच. सगळ्यांच्या डोळ्यासमोर चालू होतं, कुणाच्या लेखी ते खाणंच नव्हतं! दुधाचं प्रथिन रोज पोटात जातंय आणि आपण ट्रायल चाललीय म्हणतोय. यात आजींचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तर ट्रायल म्हणजे ट्रीट नाही, चघळायचं हाडूक नाही, ताटाखाली सांडलेलं नाही, मांजराच्या वाटीतलं नाही, आणि औषधं सुद्धा बघून घ्या, हार्टवर्म म्हणजे हृदयातल्या जंतांवरच्या वगैरे चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव दिलेली असते, कुत्र्याच्या टूथपेस्टलाही असते. डॉक्टरांना विचारलं तर बिनचवीचा पर्याय देतात.

धान्याबद्दलचा गैरसमजही एकदा संपवू. कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य पचत नाही, म्हणून ग्रेन-फ्रीच द्या, हे लोक इतक्या ठामपणे सांगतात की समोरचा गप्पच होतो. २०१३ साली नेचर या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की पिष्ट पचवणारं एन्झाइम ज्या जनुकामुळे बनतं त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यात ४ ते ३० पर्यंत. म्हणजे माणसाबरोबर राहून राहून कुत्र्याचं पोट शिजलेल्या पिठूळ खाण्याला चांगलंच सरावलंय. उलट २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ग्रेन-फ्री फूड, विशेषतः वाटाणा-मसूर अशी कडधान्यं आणि बटाटा भरपूर असलेली, आणि कुत्र्यांमधला डीसीएम हा हृदयविकार यांचा काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं होतं. कारण पक्कं ठरलं नाही हे खरं, पण डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना निव्वळ फॅशन म्हणून त्यामागे धावायचं कारण मला तरी दिसत नाही. कच्च्या मांसाचंही तसंच, त्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, तो कुत्र्यालाही बाधतो आणि वाटी धुणाऱ्यालाही, आणि आधीच बिघडलेल्या पोटावर असा प्रयोग कशाला?

आता अचानक जुलाब लागले तर काय. वयाने मोठा कुत्रा आहे, एक-दोनदा पातळ झालं, पण शेपूट हलतंय, पाणी पितोय, खेळतोय, तर घाबरू नका, बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप आवरतं. पूर्वी २४ तास उपाशी ठेवा असं सर्रास सांगायचे, आता तसं मानत नाहीत, आतड्यातल्या पेशींना स्वतःला सावरायला अन्न लागतंच, म्हणून थोडं थोडं हलकं खाणं लवकर सुरू करतात. पिल्लांना आणि छोट्या जातींना तर उपास नकोच, साखर एकदम उतरते. हलकं म्हणजे कातडी-चरबी काढून नुसत्या पाण्यात उकडलेलं चिकन एक भाग आणि मऊ भात दोन-तीन भाग, मीठ नाही तेल नाही मसाला नाही, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. पण हे तीन-चार दिवसांपुरतंच बरं का, याच्यावर कुत्रा महिनोन्‌महिने ठेवायचा नाही, त्यात कॅल्शियम नाही, बरीच जीवनसत्त्वं-खनिजं पुरेशी नाहीत, वाढत्या पिल्लाची तर हाडं बिघडतात. घरचंच कायम घालायचं असेल तर पशुआहारातल्या जाणकाराकडून पाककृती लिहून घ्या आणि त्यात आपली अक्कल घालू नका. मोठ्या आतड्याचा त्रास असेल तर थोडा उकडलेला लाल भोपळा किंवा भिजवलेला इसबगोल यांनी शी बांधायला मदत होते, किती द्यायचा ते वजनावर आहे, विचारून द्या. दूध मात्र नको, मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचतच नाही.

आणि औषधं. हे ठळक छापा साहेब. माणसाच्या डब्यातलं काही म्हणजे काही देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने जठरात अल्सर होतात आणि किडनी जाते, पॅरासिटामॉलने लिव्हर. जुलाब थांबवायची लोपरामाईड कोली आणि तत्सम जातींमध्ये एका जनुकदोषामुळे मेंदूत शिरते आणि कुत्रा झिंगल्यासारखा करतो, शिवाय विष किंवा जंतुसंसर्ग असेल तर जुलाब दाबणंच चूक. मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकची उरलेली पट्टी प्रत्येक घरात सापडते, मागच्या वेळी याच गोळीने थांबले होते म्हणून परत देतात, पण मागच्या वेळी ते आपोआपही थांबले असते! २०२४ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी कुत्र्यांच्या अचानक लागलेल्या जुलाबांवर मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात सौम्य आणि मध्यम त्रासात अँटिबायोटिक देऊच नका असं म्हटलंय, कारण फायदा फारसा नाही आणि आतड्यातले चांगले जिवाणू मरतात ते लवकर सावरत नाहीत. म्हणजे नाजूक पोट अजून नाजूक. तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली नाही तर त्यांना काही येत नाही असं समजू नका. कुत्र्यांसाठीचं प्रोबायोटिक मात्र विचारून द्यायला हरकत नाही.

थांबायचं कुठे नाही ते ऐका. लस पूर्ण न झालेलं पिल्लू, उलट्या आणि रक्ताचे जुलाब, मलूल, हा पार्व्हो म्हणजे जीवघेणा विषाणूचा आजार असू शकतो, तासांवर खेळ असतो. छाती खोल असलेला मोठा कुत्रा, पोट फुगून टम्म, ओकारीची उबळ येतेय पण बाहेर काहीच पडत नाही, हे जठराला पीळ पडल्याचं लक्षण, रात्रीचे दोन वाजले असतील तरी निघायचं. पुढचे पाय पसरून छाती खाली आणि मागचा भाग वर असं सारखं करत असेल, उलट्या असतील, आदल्या दिवशी चरबीचं भरपूर खाल्लेलं असेल, तर स्वादुपिंडाची सूज असू शकते, पार्टीनंतरची उरलेली चरबी, तळण, कातडी "एकदाच" म्हणून देतात ना, त्यातून हे होतं. हिरड्या पांढऱ्या किंवा कोरड्या चिकट, प्यायलेलं पाणीही टिकत नाही, कापड-दोरा-खेळणं गिळल्याचा संशय, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं च्युइंगम पोटात गेलंय, तर आधी फोन. दोरा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतून आतडं कापलं जातं.

बाकी रोजचं. वेळ ठरलेली, माप ठरलेलं, दिवसाचं दोन किंवा तीन वाट्यांत विभागून, कारण जास्त खाण्यानेही शी सैल होते आणि पोत्यामागचा तक्ता हा अंदाज असतो. ट्रीट दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत. हावरटासारखं गिळणाऱ्याला खाचांची वाटी. सकाळी उपाशीपोटी पिवळा फेस ओकत असेल आणि एरवी ठणठणीत असेल तर झोपायच्या आधी थोडं खायला घालून बघा, बऱ्याच जणांचं तेवढ्यानेच थांबतं. खाल्लेलं अख्खंच्या अख्खं, पोटाला हिसका न बसता नुसतं बाहेर येत असेल तर मात्र ती उलटी नव्हे, अन्ननलिकेचा प्रश्न असू शकतो, त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा. गवत खातो म्हणून लगेच आजारी समजू नका, बरेच कुत्रे उगीचच खातात. आणि कोरडं फूड डब्यात ओतून वर नवं ओतत राहू नका, तळाला जुन्या तेलाचा थर धरतो, तो खवट होतो आणि नव्या फूडलाही लागतो, पोत्यासकटच डब्यात ठेवा म्हणजे बॅच नंबरही हाताशी राहतो.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्या. फूडच्या पाकिटामागच्या घटकांचा फोटो, घरातल्या प्रत्येकाला विचारून केलेली काय काय खायला घातलं त्याची यादी (मुलांना आणि आजी-आजोबांना वेगवेगळं गाठून विचारा, एकत्र विचारलं तर कुणी कबूल होत नाही), आणि ताज्या शीचा नमुना, झाकणाच्या स्वच्छ डबीत. लगेच जाणं जमणार नसेल तर तो फ्रीजमध्ये ठेवतात. डबी पिशवीत बांधून एका कोपऱ्यात ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा काय आहे ते.

आपली नियमित वाचक